भीती हेच चोराचे हत्यार
(बल्लारपूर येथील कुटुंब मेळाव्यातील भाषण)



वर्धेच्या काठी गोंड राजांचा किल्ला उभा आहे. त्या काळी शत्रू वेशीवर येई आणि तो दिसे. आजचा चोर भ्रमणध्वनीवरून थेट माजघरात शिरतो, तोही सरकारी झूल पांघरून. ‘आयकर खात्यातून बोलतो आहे’ एवढ्या एका वाक्याने कागद कारखान्यात वा कोळसा खाणीत राबून निवृत्त झालेल्या माणसाची आयुष्यभराची पुंजी पणाला लागते. ज्याने कधी कर चुकवला नाही, पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही, तोच नोटिशीच्या नुसत्या नावाने हबकतो. चोर हे जाणून असतो.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथील तरुण अमेरिकी कर अधिकाऱ्यांची बतावणी करीत, तिकडच्या नागरिकांना अटकेची धमकी देत आणि पैसे उकळत. शिकलेल्या मुलांच्या हाती हा उद्योग यावा, भारताचे नाव परदेशात असे निघावे, ही लाजिरवाणी गोष्ट होती. आज तेच हत्यार स्वकीयांवर उगारले जात आहे.

यावर उपाय कोणता? खरे खाते कसे वागते, हे घरात प्रत्येकाला ठाऊक असणे. आयकर खाते दूरध्वनीवर ओटीपी, पिन वा पासवर्ड कधीही विचारत नाही. परतावा मिळवण्यासाठी कार्डाचा क्रमांक द्यावा लागत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर, काही अपवाद वगळता, दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. तो खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पडताळता येतो. निरोपातील दुव्यावर बोट न ठेवता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः लिहावा. अनोळखी माणसाने सुचवलेले ॲप घेऊ नये. पॅन व आधारच्या प्रती मागेल त्याला देऊ नयेत. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद कायद्यात नाही.

तरीही फसगत झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक. घरच्यांनीही बोल लावू नये. दोष चोराचा असतो, फसलेल्याचा नव्हे.

कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीत एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांची यादी करावी, त्यांच्या घरी जावे, हे समजावून सांगावे आणि आपला क्रमांक भिंतीवर ठळक लिहून यावे. धमकीचा फोन आला की त्या वृद्धाला हाक मारण्याजोगे एक आपले माणूस असले, तर चोराचे निम्मे बळ तेथेच सरते.