राणी माशाची सुरिमी

सुरिमी म्हणजे माशाचा धुऊन गोठवलेला लगदा. रत्नागिरीत त्यासाठी ट्रॉलरच्या जाळ्यात येणारा राणी मासा वापरतात. अमेरिकेत आणि रशियात अलास्का पोलॉक. काटे-कातडी काढलेले मांस गार पाण्यात पुन्हापुन्हा धुतले की रक्त, चरबी आणि वास बराचसा निघून जातो, प्रथिने उरतात. मग त्यात साखर मिसळतात. चवीसाठी नव्हे, तर गोठवताना प्रथिने बिघडू नयेत म्हणून. ही युक्ती 1960च्या सुमारास जपानच्या होक्काइदो बेटावर सापडली आणि सुरिमीचा धंदा खरा तिच्यावरच उभा राहिला. लगद्याच्या लाद्या उणे 18 अंशांखाली ठेवतात. खेकड्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कांड्यांत बहुधा हीच सुरिमी असते, खेकडा नावापुरता! पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असल्याने त्या काळात ताज्या मालाची आवक आटते.