केकचं सारण: आधी घड्याळ बघा, मग चव

 

आज आपण वाढदिवसाच्या केकबद्दल बोलणार आहोत. घरी केक करणं आता कुणाला नवीन राहिलेलं नाही. कुकरची शिट्टी आणि रबर काढायचं, तळाला मीठ पसरायचं, त्यावर डबा ठेवायचा आणि मंद आचेवर केक भाजायचा, हे पोरीबाळींनाही जमतं. अडतं ते पुढं. केकचे दोन-तीन थर कापले, आता मधे काय भरायचं? अंबाजोगाईच्या किंवा परळीच्या दुकानात दिसतो तसा पांढरा क्रीमचा थर डोळ्यापुढं असतो. मग क्रीमचं पाकीट आणलं जातं, ऐन वेळी लाइट जाते, क्रीम पाण्यासारखं होतं आणि केकचा वरचा थर घसरून ताटात येतो. पैसे जातात आणि लेकराचं तोंड उतरतं.

दुकानदार याला फिलिंग म्हणतात, पण हे आपलं सारणच आहे. करंजीचं सारण ओलं राहिलं तर करंजी तळताना फुटते, हे आपल्याला माहीत आहे. पुरण झालं की नाही हे कसं बघतो? त्यात उलथनं उभं करून. केकच्या सारणाची परीक्षाही अशीच. चमचाभर सारण ताटलीत ठेवा, ताटली तिरकी करा आणि थोडा वेळ बघा. जागचं हललं नाही तर ते केकचं वजन पेलेल. ओघळलं तर अजून आटवा.

पण घट्टपणाच्याही आधी एक प्रश्न विचारायचा. सारण भरल्यापासून शेवटचा तुकडा खाऊन होईपर्यंत किती तास जाणार? आपल्याकडं केक संध्याकाळी कापायचा म्हणून सकाळीच करून ठेवतात. मग पाहुणे यायला उशीर होतो आणि उरलेला केक दुसऱ्या दिवशी शाळेच्या डब्यात जातो. दूध, साय, क्रीम, कस्टर्ड असलेलं सारण फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडचा मे महिना म्हणजे चाळिशीची गोष्ट. आणि वास आला नाही म्हणजे पदार्थ चांगला आहे, असं समजू नका. काही जंतूंचं विष अन्नात उतरतं, त्याला ना वास असतो ना चव, आणि पुन्हा गरम करूनही ते जात नाही. उलटी-जुलाबाचा त्रास मोठ्या माणसाला सोसतो, तीन वर्षांच्या लेकराला तो झेपत नाही. म्हणून आधी तास मोजायचे, मग चव ठरवायची.

आता ऋतूप्रमाणं बघू. उन्हाळ्यात वाढदिवस असेल तर सगळ्यात भरवशाचं सारण बरणीत आहे: साखरआंबा किंवा गुळांबा. भरपूर साखर किंवा गूळ असला की त्यातलं पाणी जंतूंच्या उपयोगी पडत नाही. म्हणून तर साखरआंबा वर्षभर टिकतो. त्याची आंबटगोड चव साध्या केकला छान लागते. पातळ वाटला तर कढईत पुन्हा घट्ट करा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच पसरा. फ्रीज नसला तरी चालतं. दुकानातला जामही याच कारणानं चालतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास वाढदिवस असेल तर आपल्या बालाघाटाचं सीताफळ घ्या. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. इतकं नावाजलेलं फळ दारात असताना सीताफळाच्या वासाचा इसेन्स विकत कशाला आणायचा? मात्र तीन गोष्टी सांभाळा. सीताफळाचा गर उकळला की कडू होतो, म्हणून तो गॅसवर चढवायचा नाही. कापून ठेवला की काळा पडतो, म्हणून आदल्या दिवशी काढायचा नाही. आणि बिया विषारी असतात, तेव्हा बियांसकट गर मिक्सरमध्ये फिरवायचा नाही. गर हातानं चाळणीवर चोळून बिया मोजून बाजूला काढा.

सारण असं करा. दीड वाटी दूध घ्या. त्यातल्या थोड्या गार दुधात पोह्याचे तीन चमचे कॉर्नफ्लोअर कालवा. उरलेलं दूध दोन-तीन चमचे साखर घालून उकळा, त्यात कालवलेलं दूध ओता आणि बुडबुडे येऊन दाट होईपर्यंत हलवत राहा. ते पूर्ण गार झालं की पाऊण वाटी गर हलक्या हातानं मिसळा. सात इंची केकच्या तीन थरांमध्ये दोन वेळा सारण लागतं, तेवढं यात होतं. पण हे दुधाचं सारण आहे. पाहुणे आल्यावर भरा आणि लगेच केक कापा.

हिवाळ्यात शेंगदाणा आणि गूळ. दीड वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचा बारीक कूट मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवा. त्यात पाऊण वाटी किसलेला गूळ, तीन-चार चमचे पातळ तूप आणि वेलदोडा घालून पुन्हा फिरवा. लोण्यासारखं मऊ झालं की कोमट असतानाच पसरा, गार झाल्यावर ते आवळतं. यात पाण्याचा थेंब नाही, म्हणून थंडीत हा केक दोन दिवस सहज राहतो. लहान लेकरांसाठी कूट बारीकच हवा, अर्धे दाणे घशात अडकतात. आणि कुणाला शेंगदाणा सोसत नसेल तर आधी विचारून घ्या.

या सारणाचा आपल्या जिल्ह्याला आणखी एक उपयोग आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात, त्या पाडव्याच्या सुमारास परत येतात. त्या चार-पाच महिन्यांत कितीतरी लेकरांचा वाढदिवस येतो. कुणी आईबापासोबत कारखान्यावर कोपीत असतं, कुणी गावात आजीजवळ असतं. क्रीमचा केक फडावर पोचत नाही. शेंगदाणा-गुळाचा केक स्टीलच्या डब्यात घालून जाणाऱ्या माणसाच्या हाती देता येतो. आणि गावात राहिलेल्या लेकरासाठी आजीला शेजारणीच्या मदतीनं तो घरच्या घरी करता येतो. त्या दिवशी आपली कुणाला तरी आठवण आहे, एवढं लेकराला कळलं तरी पुष्कळ झालं.

खवा आणि चक्क्याबद्दलही बायका विचारतात. भूमकडचा खवा नावाजलेला आहे, पण खवा ताजाच हवा. आंबूस वास आला तर घेऊ नका. मंद आचेवर तूप सुटेपर्यंत परता, गार झाल्यावर पिठीसाखर मिसळा आणि त्याच दिवशी वापरा. चक्का चांगला निथळलेला पाहिजे. साखर घातली की तो सैल पडतो, म्हणून श्रीखंडाच्या निम्मीच साखर घाला. हे दोन्ही दुधाचेच प्रकार, तेव्हा तासांचा नियम त्यांनाही लागू. मे महिन्यात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

क्रीम हवंच असेल तर फ्रीज आणि लाइट दोन्हींची खात्री करा. क्रीम आणि भांडं गार नसेल तर क्रीम फुलत नाही. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. पुष्कळदा ती दुधाची साय नसते, वनस्पती तेल आणि साखर असते. वरच्या सजावटीलाही हाच हिशेब. आत साखरआंबा आणि वर क्रीमची फुलं असतील तर तास क्रीमचेच मोजायचे.

भरताना घाई नको. केक पूर्ण गार होऊ द्या, गरम केकवर सारण वितळतं. वरचा फुगवटा कापून सपाट करा. थर सुरीपेक्षा दोऱ्यानं सरळ कापले जातात. कडेला बोटभर जागा मोकळी ठेवा, वरचा थर ठेवल्यावर सारण आपोआप कडेपर्यंत येतं. जास्त सारण म्हणजे जास्त चांगला केक, असं नाही. जाड थर भरला की केक डुलायला लागतो.

बचत गटाच्या ज्या ताई ऑर्डर घेतात त्यांच्यासाठी दोन शब्द. केक विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी, घरगुती उद्योगालाही ती लागते. आणि गिऱ्हाइकाला आधी रंग विचारू नका, केक किती वाजता कापणार आणि घरी फ्रीज आहे का, ते विचारा. त्यावरून सारण सुचवा आणि डब्यावर 'अमुक वाजेपर्यंत खावा' अशी चिठ्ठी लावा. एका घरी लेकरू आजारी पडलं की त्या गल्लीतून दुसरी ऑर्डर येत नाही.

तेव्हा घरात पुढचा वाढदिवस कोणत्या महिन्यात आहे ते आजच बघून ठेवा. मे महिन्यात असेल तर साखरआंब्याची एक बरणी बाजूला काढा, माघात असेल तर शेंगदाणे राखून ठेवा. गटाच्या पुढच्या बैठकीत एखादं सारण करून ताटली तिरकी करून बघा आणि कसं झालं ते आम्हाला कळवा. पुन्हा भेटू. नमस्कार.