श्वासातील धूळ

अकोला-अमरावतीच्या जिनिंग कारखान्यांत सरकी विलग होताना उडणाऱ्या कापसाच्या धुळीचे जे जाड कण श्वासनलिकेत शिरतात, ते तेथील श्लेष्मात अडकून सूक्ष्म रोमांच्या अविरत हालचालीने बहुधा एक-दोन दिवसांत घशाकडे हाकलले जातात. परंतु चुलीच्या वा मोटारींच्या धुरातील, १०० नॅनोमीटरहूनही लहान असे जे कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात, त्यांच्या बंदोबस्ताची सारी भिस्त, तेथे रोम नसल्यामुळे, भक्षक पेशींवर असते. त्यांच्या तावडीतून निसटलेले काही कण रक्तातही उतरतात, आणि न विरघळणाऱ्या कणांचा निम्मा साठा हटण्यासही कित्येक महिने लागतात. तंबाखूचा धूर तर त्या रोमांनाच पंगू करतो. सरकी काढणाऱ्या रेच्यावर राबणाऱ्या बांधवांनी विडी आजच सोडावी, ही कळकळीची विनंती.