झोपेतलं बाळ काय बोलतं?

(मंडळाच्या महिला शाखेने गणेशोत्सवात आयोजित केलेल्या कार्यक्रमातील भाषण)



आम्ही दोघी जावा. याच इंदुरात, एकाच घरात, पन्नासेक वर्षं एकत्र नांदलो. आमच्यातली थोरली नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होती, धाकटी शाळेत गणित शिकवायची. दोघींनी मिळून चार मुलं वाढवली आणि आता तिसरं नातवंड खेळवतो आहोत. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा दोघींच्या तोंडून एकच उत्तर आलं, झोपेतल्या बाळाचे आवाज. ते हसले. म्हणाले, ‘यावर वीस मिनिटं काय बोलणार?’ बघू या.

या चैत्रात आमच्याकडे नातू झाला. बारशाच्या आदल्या रात्री, अडीच वाजता, सूनबाईंनी आमच्या खोलीचं दार वाजवलं. हातात मोबाइल. त्यात बाळाच्या आवाजाचं चित्रीकरण केलेलं. ‘आई, काकू, ऐका ना. हा असा घुरघुरतो, मग कुंथतो, मग एकदम गप्प होतो. मी आठ दिवस झोपलेली नाही.’ आमच्या दोघींच्याही ओठांवर तेच वाक्य आलं, जे इथल्या प्रत्येक आजीच्या ओठांवर येतं : ‘अगं काही नाही होत, बाळं अशीच झोपतात.’

ते वाक्य आम्ही गिळलं. का, ते शेवटाकडे सांगतो. आधी त्या रात्री आम्ही काय केलं ते सांगतो.

दिवा लावला. दुपटं सोडलं, झबलं वर केलं आणि बाळाचं पोट-छाती उघडी केली. धाकटीने भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा धरला आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. चव्वेचाळीस भरले. तान्ह्या बाळाचा श्वास शांत झोपेत मिनिटाला साधारण 30 ते 60 असतो, आपल्या दुपटी-तिपटीने. मोजताना मधेच बाळ थांबलं. एक, दोन, तीन... सात सेकंद. सूनबाईंनी आमचा दंड घट्ट धरला. मग त्याने चार-पाच भराभर श्वास घेतले आणि पुन्हा संथ लागला.

हे थांबणं नवजात बाळात नेहमीचं आहे. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं, म्हणून पाच-दहा सेकंदांची विश्रांती आणि मग घाईचे श्वास, असा ताल लागतो. पहिल्या काही महिन्यांत तो आपोआप सुधारतो. म्हणूनच श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, तर कधी फार कमी येतील, कधी फार जास्त. आमच्या गणिताच्या बाईंनाही हे त्या नर्सबाईंकडूनच शिकावं लागलं!

आता एकेक आवाज घेऊ.

पहिला, घुरघुर. बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं आणि त्याची नाकपुडी ती केवढी! त्यात जरासा शेंबूड किंवा वर आलेल्या दुधाचा थेंब अडकला, तरी खोलीभर आवाज होतो. बाळ नीट पीत असेल, रंग गुलाबी असेल, तर काळजी नाही. डॉक्टरांनी सांगितलेले मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. नाकात तेल मात्र कधीही सोडू नका. ते श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरू शकतं. आणि इथे आमची चूक कबूल करतो. रोज संध्याकाळी आम्ही ओवा आणि वावडिंगाची धुरी देत होतो, खोलीची दारं लावून. त्या रात्रीनंतर धुरी बंद केली आणि तीन दिवसांत घुरघुर अर्ध्यावर आली. आठ दिवस सूनबाई ज्या आवाजाने जागी होती, त्यातला निम्मा आम्हीच लावलेला होता!

दुसरा, कुंथणं. बाळ लालबुंद होतं, पाय पोटाशी घेतं, कण्हतं, आणि शेवटी होते मऊ पिवळी शी. ही बद्धकोष्ठता नव्हे. पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडायचे, हा मेळ त्याला अजून जमलेला नसतो. काही आठवड्यांत जमतो. तोवर विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी लावायची जुनी सवय सोडा. त्याने बाळाला शिकायची संधीच मिळत नाही, शिवाय इजाही होते.

तिसरा, चाळवणं. हसू, हुंदका, चोखण्याचा आवाज, मधेच एक किंकाळी. आपल्याकडे म्हणतात, सटवाई येते, ती बाळाला हसवते आणि रडवते. पाचवीच्या पाटावर कोरा कागद आणि लेखणी आपण आजही ठेवतो, ठेवावी. पण या हसण्याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी झोपलेल्या बाळांच्या पापण्यांखालची हालचाल तासन् तास बघत बसायचा. पुढे त्याने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा लावून झोपेतली ही हालचाल कागदावर उतरवली. 1953 मध्ये त्याने आणि त्याचे गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी जगाला सांगितलं की झोप एकसारखी नसते. तिच्यात एक चळवळी झोपही असते. मोठ्या माणसाच्या झोपेत तिचा वाटा साधारण पाव, तर तान्ह्या बाळात जवळजवळ निम्मा. त्या झोपेत पापण्या फडफडतात, श्वास वेडावाकडा होतो, तोंडातून आवाज निघतात.

म्हणून, सूनबाईंनो, बाळ चाळवलं की लगेच उचलू नका. हात छातीवर ठेवा, क्षणभर थांबा. बरेचदा ते झोपेतच बोलत असतं आणि आपणच त्याला उचलून जागं करतो. खरी भूक असेल तर ते तोंड उघडून शोधेल, मुठी चोखेल, आणि मग रडून कळवेलच.

उचकी आणि शिंका यांचीही भीती नको. शिंकून बाळ नाक मोकळं करतं, सर्दी झालीच असं नाही. उचकीसाठी पाणी पाजू नका. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि वर्षभर मध नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही.

चौथा आवाज जरा वेगळा. श्वास आत घेताना शिट्टीसारखी चिरचिर येते, आणि ती उताणं झोपवल्यावर वाढते. बहुतेक वेळा कंठाचा वरचा भाग मऊ असतो म्हणून तसं होतं, आणि दीड-दोन वर्षांत ते जातं. पण हे निदान आजीचं नव्हे, डॉक्टरांचं. बाळ पिताना दमत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर आणखी लवकर दाखवा.

आणि आता पाचवा आवाज. त्याच्यासाठीच आम्ही इथे उभ्या आहोत.

1986 ची थंडी. धाकटीचं दुसरं बाळंतपण, घरी आल्याचा तिसरा दिवस. रात्री बाळ झोपेत ‘अंऽ, अंऽ’ करत होतं. जोरात नाही, अगदी बारीक. घरातल्या मोठ्या बायका म्हणाल्या, लेकरू कण्हतंय, बाळसं धरतंय. धाकटीला आतून वाटत होतं की हे काही बरोबर नाही. पण सहा दिवसांची बाळंतीण, चार अनुभवी बायकांसमोर बोलणार काय? शेगडी जवळ सरकवली, आणखी एक दुपटं गुंडाळलं. थोरली त्या रात्री ड्यूटीवर होती.

ती सकाळी सातला आली, गणवेश तसाच अंगावर. पाळण्याशी वाकली आणि एकच प्रश्न विचारला, ‘हा आवाज प्रत्येक श्वासाला येतोय का?’ दुपटं सोडलं, तर बरगड्यांखाली खड्डा पडत होता आणि नाकपुड्या फुलत होत्या. फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटू नयेत म्हणून बाळ श्वास सोडताना कंठ आवळून धरतं, त्याचा तो आवाज. बाळ झोपेत बोलत नव्हतं, जगण्यासाठी झगडत होतं. न्यूमोनिया होता. एकोणीस दिवस दवाखान्यात काढले. वाचलं. थोरलीची पाळी त्या दिवशी दुपारपर्यंतची असती, तर काय झालं असतं, याची चर्चा आम्ही आजतागायत केलेली नाही.

तेच बाळ आज समोर, चौथ्या ओळीत, मुलाला खांद्यावर घेऊन उभं आहे.

म्हणून त्या अडीच वाजता आम्ही ‘काही नाही होत’ म्हणालो नाही. मोजून, बघून, मग म्हणालो. वाक्य तेच, पण मधे एक मिनिट होतं.

ते एक मिनिट असं घालवायचं : छाती उघडी करा, उजेडात बघा, पूर्ण मिनिट मोजा. श्वास 60 किंवा त्याहून जास्त आले तर बाळ शांत असताना पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, प्रत्येक श्वासाला कण्हण्याचा आवाज असला, छाती आत ओढली जात असली, ओठ किंवा जीभ निळसर दिसली, श्वास वीस सेकंद थांबला, बाळ पिईनासं झालं, अंग 100.4 फॅरनहाइटच्या वर तापलं किंवा गार पडलं, तर सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन करायचा आणि निघायचं. यातलं एकही नसेल, तर बाळाला उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीशिवाय झोपवायचं. मोहरीची उशीसुद्धा नको. आणि आईनेही झोपायचं.

आज्यांना एवढंच सांगणं, सून घाबरून आली तर तिला आधी हसू नका. ती रात्रभर त्या आवाजाशेजारी असते, आपण नसतो. आणि सुनांना सांगणं, आतून वाटलं तर बोला, समोर चार काय, चाळीस अनुभवी बायका असल्या तरी बोला.

आमच्या नातवाचं म्हणाल तर तो आता मांडीवर घेतल्याशिवाय झोपत नाही, आणि झोपला की आजोबांपेक्षा जास्त घोरतो. आजोबांचे श्वास मात्र आम्ही मोजत नाही.

गणपती बाप्पा मोरया!