नव्या नर्सताईंसाठी चार शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वस्तीतल्या मुली आता नर्सिंग शिकायला जातात. कोणी दोन वर्षांचा ए.एन.एम. करते, कोणी तीन वर्षांचा जी.एन.एम. पुढे साऱ्यांनाच मोठे इस्पितळ मिळते असे नाही. काहीजणींची पहिली नोकरी वृद्धाश्रमात लागते. त्यांच्यासाठी मी बोलावे, असे अध्यक्षाबाईंनी सुचवले. मी काही नर्स नाही, शिक्षण सातवीपर्यंत. पण माझ्या सासूबाई चार वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. घरी येणाऱ्या नर्सताईंच्या हाताखाली जे शिकले, तेच सांगते.

आमच्या आळीतली एक मुलगी अशा कामावर लागली. महिन्याभराने येऊन म्हणाली, “काकू, इथे कोणी बरे होऊन घरी जातच नाही. मग मी करते तरी काय?”

प्रश्न खरा आहे. इस्पितळात रोगी येतो, बरा होतो, हात जोडून घरी जातो. इथे आलेले माणूस बहुधा शेवटपर्यंत राहते. बरे करण्याच्या मापाने हे काम मोजले, तर ते रोज अपुरेच भरेल आणि मुलगी दोन महिन्यांत नोकरी सोडील. मग त्या आजींना पुन्हा नवे हात. कोणत्या कुशीवर झोप लागते, हे पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. आणि ज्यांची वाचाच गेली आहे, त्यांनी कसे सांगायचे? म्हणून मुलींनो, आधी माप बदला. आज पाठीला नवी जखम झाली नाही, वाटीभर पेज ठसका न लागता पोटात गेली, आजी एकदा हसल्या, ही त्या दिवसाची कमाई समजा.

या कामात सगळ्यांत मोठे हत्यार म्हणजे डोळे. दूध उतू जाण्याआधी आपण बायका ओळखतो ना? तसेच. ज्याला स्वतः हलता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरे रोज उजेडात पाहावे. तांबडा डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल, तर ती जखमेची सुरुवात आहे. तो चोळू नये. त्या जागेवरचा भार काढावा आणि मोठ्या नर्सबाईंना लगेच सांगावे. आपल्यासारख्यांच्या सावळ्या कातडीवर तांबूसपणा दिसत नाही. तिथे हात लावून ऊन, गार किंवा कडक लागते का ते बघावे.

भरवताना आजोबांना नीट बसते करावे, घास लहान द्यावा, पहिला गिळल्यावरच दुसरा. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवे करू नये. म्हातारपणी तहान कमी जाणवते, म्हणून मागण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितले नसेल तर, घोटघोट पाजत राहावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. काल नीट बोलणाऱ्या आजी आज एकाएकी असंबद्ध बोलू लागल्या, तर “वय झाले” म्हणून सोडून देऊ नका. म्हाताऱ्या माणसाला ताप न येताही आतून आजार झालेला असतो. पण कालच्या आजी कशा होत्या हे ठाऊक असेल, तिलाच आजचा फरक दिसणार. म्हणून जे दिसेल ते वहीत लिहा आणि पाळी बदलताना तोंडीही सांगा. न समजलेले विचारायला लाजू नका, औषधाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे आपण म्हणतो. मला ते पटत नाही. मुलाला अजून आयुष्य ठाऊक नसते; या माणसांनी संसार केले, कर्जे फेडली, लेकी उजवल्या. त्यांना “बाळ” म्हणू नये. कोणती हाक आवडते ते विचारावे. अंगावरचे पांघरूण काढण्याआधी सांगावे, पडदा ओढावा. विसरभोळ्या आजी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत असतील, तर “ते वारले” असे पुन्हा पुन्हा सांगून रोज नवे दुःख देऊ नये. “ते कसे होते हो?” असे विचारावे, आजी आपोआप बोलत्या होतात.

आणि एक दिवस ती खाट रिकामी होईल. तेव्हा रडू आले तर येऊ द्या. ती काही कच्चेपणाची खूण नव्हे. बरोबरच्या नर्सशी बोला, घरी नीट जेवा, झोपा. दुसऱ्या खाटेवरचे माणूस तुमची वाट पाहत असते.

आता आपल्या भगिनींना एक विनंती. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन चालवायला घेतले आणि पुढे त्या संस्थेने मुलींना नर्सिंगचे शिक्षण दिले. परक्यांची सेवा करणाऱ्या मुलींना तेव्हा लोक नावे ठेवीत. आज उघड कोणी ठेवीत नाही, पण लग्नाच्या बोलण्यात “वृद्धाश्रमात आहे होय?” म्हणून नाक मुरडणारे आपल्यातही आहेत. २०११ च्या शिरगणतीत देशात ६० वर्षांवरची माणसे १० कोटींहून अधिक होती. त्या वाटेने आपल्यालाही जायचेच आहे. उद्या आपली कूस कोणी बदलावी असे वाटत असेल, तर आज त्या मुलीचा मान राखा. रात्रपाळी करून ती घरी आली, तर तिला पाण्याच्या रांगेत उभी करू नका, झोपू द्या.