कागदावरची शेवटची ओळ

आजपासून फिजिओथेरपिस्ट झालेल्या मुलामुलींनो,

मी या पेशात आले तेव्हा आमचा विभाग रुग्णालयाच्या तळघरात होता आणि वॉर्डात आम्हाला ‘शेकवाल्या बाई’ म्हणत. ते मनाला लागायचं. त्याहून लागायचं हार्ट अटॅकच्या रुग्णाला पाहून. त्याला एकच हुकूम असे : हलायचं नाही. गिरणीत साच्यावर उभ्यानं पाळ्या केलेले एक काका आठवतात. अंथरुणात त्यांच्या पोटऱ्या इतक्या सुकल्या, की पायमोजे घोट्यावर गोळा होत. त्यांना व्हरांड्यात चालवू का, असं विचारलं, तर वरिष्ठ कडाडले, ‘काही झालं तर जबाबदार कोण?’ झोपवून ठेवल्यानं जे होतं, त्याची जबाबदारी मात्र कुणीच घेत नव्हतं. आणि हे तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही. 1966 मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. त्यांची श्रमाची क्षमता वयामुळे तीस वर्षांत घटली नव्हती, एवढी त्या तीन आठवड्यांत घटली होती!

त्याच्याही आधी, 1953 मध्ये, जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. तसाच जिना चढणारे कंडक्टर मुंबईत आम्ही रोज पाहत होतो. धडा मात्र घेतला नाही.

जे हृदयाचं, तेच मेंदूचं. पण मेंदूचं नाव काढलं, की लोक शब्दकोड्यांकडे वळतात. अहो, मेंदूला रक्त पोचवतं ते हृदयच. रक्तदाब चढा राहिला, की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या आधी खराब होतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात 120 ज्येष्ठांपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं चालवलं. वर्षभरात त्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्ती सांभाळणारा भाग, सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा तो आकसला.

आणि आपण काय करतो? शाळेत पीटीचा तास गणिताचे सर मागून घेतात. चाळिशीतल्या बाईला सांगतात, ‘घरकाम करता ना, झाला व्यायाम!’ सत्तरीतल्या आजोबांना नातवंडं खुर्चीतून उठू देत नाहीत. ते काळजीपोटीच, पण त्यानंच मांड्यांचं बळ जातं आणि मग पडणं आलं.

माझा खरा राग आहे तो केसपेपरवरच्या शेवटच्या ओळीवर. गोळ्यांचं नाव, मिलिग्रॅम, जेवणाआधी की नंतर, सगळं नीट लिहिलेलं असतं. खाली तिरकं ‘व्यायाम करणे’. किती? कसा? कधी? माझी सगळी नोकरी त्या ओळीशी भांडण्यात गेली.

म्हणून कळकळीनं सांगते : तुम्ही ती ओळ तशी लिहू नका. मोठ्या माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं चालणं. दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. मुलांना रोज तासभर दमवणारा खेळ. नुकत्याच आजारातून उठलेल्याला नाडी धरून, थोडं थोडं वाढवत. वेळ लिहा, वेग लिहा, वार लिहा, आणि पुढच्या भेटीत औषधांआधी त्याचाच हिशेब मागा. कुणी म्हणालं, हे तुमचं काम नाही, तरी मागा.