सीमेपलीकडचे महाविद्यालय
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शंभर वर्षांच्या ग्रंथालयापुढे १९५० साली जन्मलेल्या एका महाविद्यालयाचे कौतुक सांगणे म्हणजे थोरल्याच्या घरी येऊन धाकट्याचे गोडवे गाणे होय. परंतु विषयाची मोकळीक आपण दिलीत, आणि इंद्रवेल्लीहून आलेल्या माझ्यासारख्याला नांदेडच्या पीपल्स कॉलेजवाचून दुसरा विषय सुचला नाही.

स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेड एज्युकेशन सोसायटीने हे महाविद्यालय काढले, तेव्हा हैदराबाद संस्थान मुक्त होऊन जेमतेम दोन वर्षे लोटली होती. त्यापूर्वी उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद गाठणे. आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. माझे वडील घरी मराठी, बाजारात गोंडी-तेलुगू बोलत. शाळा मात्र उर्दूत झालेली. कॉलेज त्यांच्या नशिबी नव्हतेच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. किनवटकडे दिलेली आत्या एका रात्रीत परप्रांतीय झाली. तिच्या बोलीला याचा पत्ताही नव्हता! पुढे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले, १९९४ साली नांदेडला स्वामीजींच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. हे टप्पे महत्त्वाचे खरे, पण महाविद्यालय माणसांनी ओळखले जाते.

इंटरच्या परीक्षेत अपयश पाहिलेले नरहर कुरुंदकर याच महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत कोणताही विषय त्यांना वर्ज्य नव्हता. १० फेब्रुवारी १९८२ रोजी, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, औरंगाबादेत त्यांचे निधन झाले. मी १९८८ साली पोहोचलो. म्हणजे दर्शन हुकले. तथापि पहिल्याच तासाला एका सरांनी विचारले, "हे तुम्हांला पटले का?" आमच्या शाळेत "समजले का?" एवढेच विचारीत. मी गोंधळून मान डोलावली. सर म्हणाले, "का पटले ते उद्या सांगा." त्या रात्री मी प्रथमच पुस्तकाशी भांडलो.

आदिलाबादहून किनवट, भोकर करीत मुदखेडला जाणारी तेव्हाची मीटरगेज गाडी इतकी सावकाश चाले की एक कादंबरी सहज संपावी. माझे निम्मे वाचन त्या गाडीतच झाले. अभ्यासक्रमाबाहेरचे तर सगळेच.

प्रवेशासाठी दाखले जमवताना एका कचेरीत कारकुनाने गावाचे नाव पाहून मातृभाषेच्या रकान्यात 'तेलुगू' लिहून टाकले. ते खोडून 'मराठी' लिहवून घेण्यास दोन खेपा पडल्या. वडील दोन्ही वेळा सोबत होते, एक शब्द बोलले नाहीत. अखेर दुरुस्त कागद त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, आणि पालक म्हणून खाली सही केली. उर्दूत.